दगड, दरड आणि पूर: सोलापूर जिल्ह्यातून नेहमी येणारे प्रश्न

मी सोलापुरात भूगर्भशास्त्र शिकवतो. वर्गातली मुलं विचारतात ते प्रश्न आणि शिवारात बांधावर उभं राहून शेतकरी विचारतात ते प्रश्न, यांत फारसा फरक नसतो. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीनं माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूरची शिवारं पाण्याखाली घेतली, तेव्हापासून तर फोन थांबलेले नाहीत. वारंवार आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

विदारण, झीज आणि दरड हे सगळं एकच ना?

नाही, पण एकाच गोष्टीचे टप्पे आहेत. खडक जागच्या जागी फुटणं, कुजणं, भुसभुशीत होणं म्हणजे विदारण. तो सुटा झालेला माल पाण्यानं किंवा वाऱ्यानं उचलून नेला की ती झीज. आणि तोच माल आपल्याच वजनानं उतारावरून खाली आला की आपण म्हणतो दरड कोसळली. पुस्तकात या शेवटच्या प्रकाराला विस्तृत झीज म्हणतात. दरड ही तिची सगळ्यात भयंकर तऱ्हा. उतारावरची माती वर्षाला बोटभर सरकते, तीही विस्तृत झीजच.

एवढा टणक काळा दगड कुजतो, हे पटत नाही.

मलाही पुस्तकात वाचून पटलं नव्हतं. मोहोळकडे मामांची विहीर खोदायला घेतली होती तेव्हा आत उतरलो आणि पटलं. वर दोन-अडीच हात काळी माती. तिच्या तळाशी चुनखडीचे पांढरे खडे, हरभऱ्याएवढे. त्याखाली पिवळसर मुरूम, पहारीनं सहज निघणारा. मुरुमात मधेमधे फुटबॉलएवढे गोल गोटे. एक गोटा मी हातात घेतला आणि अंगठ्यानं दाबला, तर कांद्याची साल निघावी तशी त्याची तपकिरी साल सुटून आली. दुसरी साल, तिसरी साल, आणि पोटात मुठीएवढा काळाकुट्ट, वाजणारा दगड. आणखी खाली गेलं की नुसता काळा पाषाण, तिथे सुरुंगाशिवाय काम नाही.

म्हणजे ती विहीर म्हणजे खालून वर वाचायचं पुस्तक होतं. पाषाणाचे गोटे होतात, गोट्यांचा मुरूम होतो आणि मुरमाची माती.

दगड गोल का होतो, ते समजायला सोपं आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. थंड होताना ते आकसले आणि त्यांना उभ्या-आडव्या भेगा पडल्या. त्या भेगांमुळे खडकाचे चौकोनी ठोकळे झाले. पुढे पावसाचं पाणी भेगांत शिरलं. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यानं हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेनं काम करतं, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन. त्यामुळे कोपरे आधी जातात आणि ठोकळा गोल होत जातो. दगडातल्या लोहाला गंज चढतो, म्हणून साली तांबूस-पिवळ्या दिसतात. फेल्स्पार नावाचं खनिज चिकणमातीत बदलतं. हे रासायनिक विदारण.

उन्हानं दगड तडकतो का?

काही प्रमाणात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उघडा खडक दुपारी हात लावू देत नाही आणि पहाटे गार पडतो. रोजच्या या फुगण्या-आकसण्यानं बारीक तडे वाढतात. पण एकट्या उन्हाचं काम फार हळू चालतं, पाण्याची साथ मिळाली की वेग येतो. जुन्या दगडी भिंतीच्या सांध्यात उगवलेला पिंपळ त्याहून लवकर काम करतो. मूळ जाडावतं आणि चिरा बाहेर ढकलतं.

महाबळेश्वरची माती लाल, आपली काळी. मग दगड वेगळा असणार?

मूळ दगड एकच, काळा बेसाल्ट. पावसानं फरक केला.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढं पाणी खडकातून झिरपत राहिलं की विरघळण्यासारखं सगळं, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरंचसं सिलिका, धुऊन जातं. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियम. तोच लाल जांभा.

सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. इथे पाऊस दगड कुजवण्यापुरता पडतो, पण कुजलेलं धुऊन न्यायला पुरत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम मातीतच राहतं आणि त्यातून मॉन्टमोरिलोनाइट नावाची, पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती तयार होते. उरलेला चुना खाली जाऊन खड्यांच्या रूपात बसतो. शेतात नांगराला लागणारे ते पांढरे खडे म्हणजे इथं पाऊस कमी पडतो याचा मातीनंच ठेवलेला पुरावा आहे. आपण कमी पावसाला नेहमी बोल लावतो, पण ज्वारीला हिवाळाभर ओल पुरवणारी ही काळी माती त्याच कमी पावसाची देणगी आहे, हे मी प्रत्येक वर्गात सांगतो.

उन्हाळ्यात भुई उलते आणि घराच्या भिंतींना तडे जातात. ही भूकंपाची खूण आहे का?

भूकंपाशी याचा संबंध नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या पहाटेचा धसका अनेकांच्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हा प्रश्न येतो आणि तो रास्तच आहे. पण उन्हाळ्यात पडणाऱ्या आणि पावसाळ्यात बुजणाऱ्या भेगा मातीच्या स्वभावामुळे असतात. फुगणारी चिकणमाती वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी मिळालं की पुन्हा फुगते आणि वरचं बांधकाम उचलते. सगळीकडे सारखं उचललं असतं तर चाललं असतं. मोरीच्या बाजूनं माती ओली आणि दुसऱ्या बाजूनं कोरडी राहते, म्हणून भिंत तिरकी चिरते.

आपल्याकडे शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. काळीत भिंत टिकत नाही हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. आज प्लॉट पाडताना ते विसरलं जातं. घर काळीतच बांधायचं असेल, तर पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या, जोत्यात काळ्या मातीचा भराव टाकू नका, सांडपाणी पायाजवळ मुरू देऊ नका आणि मोठं झाड भिंतीला खेटून लावू नका.

माळावर मातीच का टिकत नाही?

उंचवट्यावर माती तयार होते आणि तिथून लगेच वाहूनही जाते. म्हणून नान्नजच्या माळढोकाच्या माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि नदीकाठी पुरुषभर खोल काळी सापडते. माळाची माती खाली उतरली, एवढंच.

सोलापूर जिल्ह्यात दरडी कोसळतात का?

डोंगरी भागासारख्या नाहीत. दरडीला उतार लागतो आणि आपला बहुतेक जिल्हा सपाट आहे. बार्शीच्या वर बालाघाटाच्या कडा आहेत, तिथे धोंडे सुटतात, घाटरस्त्यावर माती येते.

पण आपल्याकडे दरडीची धाकटी भावंडं आहेत आणि ती दरवर्षी माणसं घेतात, म्हणून त्यांचं नाव घेतोच. पहिलं, न बांधलेल्या विहिरीचा काठ. वरची माती आणि मुरूम पावसात फुगून सुटतो आणि ढासळतो. खोदकाम चालू असताना पाऊस झाला असेल तर दोन दिवस आत उतरू नका. दुसरं, नदीकाठ. पुरात काठ पाणी पिऊन जड होतो आणि तोवर पाण्याचाच रेटा त्याला आधार देत असतो. पूर ओसरताना हा आधार जातो आणि वजन तसंच राहतं. म्हणून काठ पूर चढताना कमी आणि उतरताना जास्त कोसळतात. पाणी बघायला लोक जमतात तेही नेमकं तेव्हाच. तिसरं, माळवदाचं घर. मातीचं छप्पर तीन-चार दिवसांच्या झडीत पाणी पिऊन कितीतरी जड होतं आणि मातीची भिंत त्याच वेळी मऊ पडते. माळवदातून माती गळू लागली किंवा तुळईनं आवाज केला, की त्या रात्री शाळेत किंवा शेजाऱ्याकडे झोपा.

माळीणमध्ये नेमकं काय झालं होतं?

30 जुलै 2014 च्या सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगराचा उतार येऊन कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. मी हे शिकवताना आवाज सांभाळावा लागतो.

विहिरीत पाहिलेले थर इथे आठवा, फक्त तिरक्या उतारावर ठेवलेले. वर मऊ कुजलेला थर, खाली अभेद्य पाषाण. सलग जोरदार पाऊस झाला की पाणी वरच्या थरातून उतरतं आणि पाषाणावर अडतं. मातीच्या कणांमधल्या जागा पाण्यानं भरतात. ते पाणी कणांना एकमेकांपासून दूर रेटतं, त्यांची पकड सुटते. वजन तर वाढलेलंच असतं. मग सगळा थर पाषाणावरून घसरतो. उतारावर नवं सपाटीकरण झालं असेल, पायथा कापला असेल किंवा झाडांची मुळं गेली असतील, तर ही वेळ लवकर येते. रायगड जिल्ह्यात 22 जुलै 2021 ला तळिये आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी याच मार्गानं गेली.

माळीण घोड नदीच्या खोऱ्यात आहे. घोड भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात येते. तिकडच्या डोंगरांची माती अखेर आपल्या धरणाच्या गाळात येऊन बसते, त्यामुळे तो डोंगर मला परका वाटत नाही.

आमची मुलगी कोकणात दिली आहे, डोंगराच्या कुशीत घर आहे. काय लक्ष ठेवायला सांगू?

उताराला समांतर, कमानीसारखी नवी भेग. खांब, कुंपण किंवा झाडं कललेली. दारं-खिडक्या एकाएकी अडकू लागणं. कोरड्या जागी नवा झरा फुटणं, किंवा चालू झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं अथवा थांबणं. यातलं एकही दिसलं आणि पाऊस सलग चालू असेल, तर सामान न आवरता घर सोडायचं. बाजूला जायचं, ओढ्याच्या पात्रातून खाली पळायचं नाही, कारण चिखल त्याच वाटेनं येतो.

इथे आभाळ कोरडं असतं आणि चंद्रभागेला पूर येतो, तो कसा?

चंद्रभागा म्हणजे पंढरपूरची भीमाच, आणि भीमेचा पाऊस आपल्याकडे पडतच नाही. ती भीमाशंकरला उगम पावते. पवना, मुळा, मुठा, इंद्रायणी, घोड या सगळ्यांचं पाणी घेऊन ती दौंडवरून उजनीत येते. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीत पाऊस कोसळतो, तिकडची धरणं भरतात, ती सोडतात आणि दौंडचा आकडा, म्हणजे तिथे नदीत किती पाणी वाहतंय तो, वाढू लागतो. उजनी भरलं की पाणी खाली. उजनीच्या पुढे नीरा-नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते, ती वीर धरणाचं पाणी आणते. म्हणून पंढरपूरकरांनी एकट्या उजनीचा विसर्ग बघून भागत नाही. उजनी अधिक वीर, अशी बेरीज करायची. संगमाचा आकडा बातमीत येतो, तोच खरा आपला.

पुंडलिकाच्या देवळाला पाणी लागलं, दगडी पुलावरून पाणी गेलं, ही पंढरपूरची जुनी मोजपट्टी आहे. नदी तिथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तर नाव चंद्रभागा. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला जोरानं घासतं आणि आतल्या काठाशी मंदावतं. त्यामुळे एक काठ कापला जातो आणि दुसऱ्याशी वाळू साचते.

क्युसेक आणि टीएमसी नक्की किती?

क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लाख लिटर. टँकरच्या भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे 283 टँकर, दर सेकंदाला.

टीएमसी हे साठ्याचं माप, एक अब्ज घनफूट. साधारण 11,574 क्युसेक दिवसभर चालले की एक टीएमसी होतो. तेव्हा लाख क्युसेकनं दिवसाला 8.64 टीएमसी पाणी येतं. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, त्यातला उपयुक्त साठा साधारण साडेत्रेपन्न. बाकीचा मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. धरण मायनसमध्ये गेलं असं आपण म्हणतो, तेव्हा पाणी या मृत साठ्यात उतरलेलं असतं. आता गणित करा: दौंडहून लाख क्युसेक येत राहिलं, तर शून्य टक्क्यावरचं उजनी सव्वासहा दिवसांत शंभर टक्के होईल.

मग धरण आधीच रिकामं का ठेवत नाहीत?

कारण तेच पाणी पुढच्या जूनपर्यंत प्यायचं असतं आणि उसाला, डाळिंबाला, द्राक्षाला द्यायचं असतं. जुलैत जागा ठेवली आणि पाऊस पाठ फिरवून गेला, तर उन्हाळ्यात टँकर. म्हणून कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची याचं वेळापत्रक असतं. माझं स्पष्ट मत आहे की, ऑगस्टच्या शेवटी धरण काठोकाठ असताना सप्टेंबरचा पाऊस डोक्यावर असतो, हे लक्षात घेऊन थोडी जागा राखलीच पाहिजे.

सीनेचा पूर भीमेपेक्षा वेगळा का असतो?

भीमेचा पूर लांबून येतो, आकडे सांगत येतो. सीनेचा पूर आपल्याच आभाळातून पडतो. सीनेवर उजनीएवढं पोट असलेलं धरण नाही. करमाळा आणि परंड्याच्या सीमेवरचं सीना-कोळेगाव आहे, पण ते लहान, आणि सप्टेंबरात बहुधा भरलेलं. तिला भोगावतीसारख्या उपनद्या बालाघाटाच्या बाजूनं मिळतात, त्यांचं पाणी काही तासांत येऊन धडकतं.

आपल्या जिल्ह्याचा सगळ्यात पावसाचा महिना सप्टेंबर. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि तेलंगणा-कर्नाटकावरून सरकत इकडे येतं. 2020 च्या ऑक्टोबरात असंच झालं होतं. त्या वेळी काळी माती आधीच पाणी पिऊन फुगलेली असते, भेगा बुजलेल्या असतात. नवं पाणी मुरायला वाट नसते. 24 तासांत 65 मिलीमीटर पाऊस झाला की महसुली हिशेबात अतिवृष्टी धरतात. तेवढ्या पावसाचं एका एकरावर 2 लाख 63 हजार लिटर पाणी होतं, म्हणजे 26 टँकर. ते मुरलं नाही तर ओढ्याला जाणार. असं हजारो एकरांचं पाणी एका रात्रीत सीनेत उतरतं.

त्यातच कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या, वेळेवर निघाले नाहीत, की पाणी बंधाऱ्याला वळसा घालून बाजूचा काठ फोडतं आणि शेतातूनच नवं पात्र पाडतं. पुढे कुडलला सीना भीमेला मिळते. भीमा आधीच फुगलेली असेल तर सीनेचं पाणी आत शिरत नाही, फुगवटा मागे सरकतो आणि दक्षिण सोलापूरची गावं पाऊस थांबल्यावरही पाण्यात राहतात.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ येऊन गेला. आता शंभर वर्षं निर्धास्त?

अजिबात नाही. या शब्दांनी फार नुकसान केलं आहे. त्याचा अर्थ, एवढा मोठा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का. तीस वर्षांच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के निघते. नकाशावरची लाल पूररेषा या पुराची. निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची, आणि तीस वर्षांत पाणी तिथवर येण्याची शक्यता 70 टक्के आहे. प्लॉट घेण्याआधी निळी रेषा कुठून जाते ते बघा. ओढा बुजवून केलेल्या प्लॉटवर माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी आयुष्याची कमाई घातली. पहिल्याच मोठ्या पावसात घरात कमरेएवढं पाणी होतं.

जमीन खरडून गेली. माती परत तयार होईल का?

आपल्या हयातीत नाही. बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. म्हणूनच खरडून गेलेल्या रानाचं दुःख पीक गेल्याच्या दुःखाहून मोठं असतं. पीक एका हंगामाचं असतं.

पण माती गेली तरी कुठेतरी बसलेली असते. तलावातला आणि बंधाऱ्यातला गाळ उन्हाळ्यात उचलून रानात पसरता येतो, त्यासाठी सरकारची गाळमुक्त धरण योजनाही आहे. पसरण्याआधी मातीपरीक्षण करा. गाळात चुना किंवा क्षार जास्त असतील तर जाड थर नको. आधी बांध नीट घाला, नाहीतर आणलेला गाळही जाईल. उलट, ज्यांच्या रानात पुरानं बारीक गाळ आणून टाकला आहे त्यांनी तो लगेच काढू नये, वाफसा आल्यावर नांगरून मिसळावा. जाड वाळू आली असेल तर मात्र बाहेर काढावीच लागते.

वाळू काढली की पात्र खोल होतं आणि पूर कमी होतो ना?

नाही. खड्डे जागोजागी होतात, पात्र सलग खोल होत नाही. खड्ड्याच्या वरच्या बाजूला पाणी जोर धरून तळ उकरत मागे सरकतं, काठाचा पाया सुटतो, पुलाचे खांब उघडे पडतात. शिवाय वाळू उन्हाळ्यात पाणी धरून ठेवते. ती गेली की काठच्या विहिरी लवकर आटतात.

पुलावरून थोडंच पाणी जातंय. गाडी घालू का?

नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलतं, आणि पाण्याखाली पूल शाबूत आहे की नाही ते दिसत नाही. अडकलात तर 112, आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी 1077.

शाळेतल्या मुलांना हे घरी कसं दाखवता येईल?

काचेची बरणी घ्या. एक तृतीयांश रानातली माती, वर पाणी, झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा आणि खिडकीत ठेवून द्या. मिनिटभरात वाळू तळाला बसते. तासाभरात तिच्यावर गाळाचा मऊ थर दिसतो. पूर ओसरताना हेच होतं: पाणी काठाजवळ मंदावलं की आधी वाळू टाकतं आणि लांब, संथ जागी बारीक गाळ. आता बरणी तशीच ठेवा. आपल्या काळ्या मातीची असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं पळत येऊन सांगतात, सर, पाणी अजून गढूळच आहे.